मोठ्या संघाचा बाक की छोट्या संघाचा बर्फ?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळून): पत्र लिहिणाऱ्या ताई मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या. डॉक्टर व्हायला रशियात गेल्या, तिथेच लग्न झालं, आता उरल भागातल्या एका शहरात नोकरी करतात. नवरा रशियन, कारखान्यात इंजिनिअर. तोही लहानपणी आइस हॉकी खेळायचा, पण सतराव्या वर्षी गुडघ्यामुळे खेळ सुटला. मुलगा सोळा वर्षांचा, जन्म नोव्हेंबरचा. पाचव्या वर्षापासून बर्फावर आहे आणि आपल्या वयोगटात कायम पहिल्या फळीत (आळीपाळीनं बर्फावर उतरणाऱ्या गटांपैकी सगळ्यात चांगल्या गटात) खेळलाय. यंदा क्लबनं त्याला एमएचएल या युवा लीगमधल्या संघात घेतलं. घरी पेढे झाले. पण एकोणीस सामन्यांत एक गोल आणि तीन असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला हातभार लावणारे पास). जागा चौथ्या फळीत, सामन्याला जेमतेम पाच-सहा मिनिटं. कोच म्हणतात, हवं तर खालच्या संघात जाऊन खेळू दे. वडील म्हणतात, चिकटून राहा, खाली गेलेल्याला कुणी परत बोलावत नाही. एक एजंट म्हणतो, अमेरिकेला पाठवा, आधी एवढी रक्कम भरा. ताईंना वाटतं मुलगा मागे पडला. त्यापेक्षा खेळ सोडून पुण्याला मामाकडे राहून बारावी करावी. "तो काही बोलतच नाही. विचारलं की 'नॉर्माल्ना' म्हणतो, म्हणजे ठीक आहे. मी काय करू?"

प्रिय ताई,

पत्रासोबत तुम्ही तुमच्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवलात. डावीकडे समोरच्या संघाचं नाव, उजवीकडे मिनिटं आणि सेकंद. ४ मि. ५० से. ६ मि. १० से. एका ओळीत नुसतं शून्य, आणि ते इतकं दाबून काढलंय की कागद फाटलाय. तुम्ही काचेमागे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसता, तो कठड्यावरून उडी मारून बर्फावर उतरला की फोनचं घड्याळ सुरू करता आणि बाकावर परतला की बंद करता, असं लिहिलंय. मी ते पान बराच वेळ पाहत होते. उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

तुमच्याच वहीतला हिशेब मांडून बघू. एकोणीस सामने, सरासरी साडेपाच मिनिटं, म्हणजे सगळी मिळून शंभर-एकशेपाच मिनिटं. वयोगटाच्या संघात तो सामन्याला सतरा-अठरा मिनिटं खेळायचा, असं तुम्हीच लिहिलंय. त्या मापानं हे सहा सामने झाले. सहा सामन्यांत एक गोल आणि तीन असिस्ट, आणि समोर कोण? त्याच्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, दाढी आलेली पोरं. ताई, हा आकडा अपयशाचा नाही. एकोणीसनं भागल्यामुळे तो तसा दिसतोय.

दुसरं असं की तो नुसता कमी खेळत नाहीये, वेगळंच काम करतोय. आइस हॉकीत एकेक पाळी चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची. पाच मिनिटं म्हणजे सहा-सात वेळा बर्फावर जायचं आणि मधे दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं थंड पायांनी बसून राहायचं. चौथ्या फळीकडून कोच गोल मागत नाहीत. कोपऱ्यात जा, अंगावर घे, पक (खेळायची रबरी चकती) बाहेर काढ, गोल खाऊ नकोस आणि परत ये, एवढंच मागतात. ज्या मुलानं अकरा वर्षं पक स्वतःच्या स्टिकवर ठेवून खेळ केला, त्याला हे काम परकं वाटणारच. ते शिकण्यासारखं आहे, पण वर्षभर तेवढंच केलं तर हातातली कला बोथट होते. या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. म्हणून 'राहू की जाऊ' हा प्रश्न तुमच्या घरात इतका चिघळलाय.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी तेवीस वर्षं व्हॉलीबॉल शिकवला. रशियन हॉकीचं वेड आमच्या घरात काकांमुळे आलं. ते ऐंशीच्या दशकात मॉस्कोत शिकायला होते आणि परत आले ते सामन्यांच्या गोष्टी घेऊनच. तेव्हापासून मी हा खेळ लांबूनच, पण नेमानं पाहत आले. तुमच्या माहेरचे लोक फोनवर "ध्यानचंद होणार का गं पोरगा?" विचारतात ना, तसं माझ्याही घरी अजून विचारतात!

आता तुमचा 'मागे पडला' हा शब्द. मागे म्हणजे कुणाच्या मागे? रशियात मुलांचे संघ जन्मसालानुसार बांधतात. जानेवारीचा आणि नोव्हेंबरचा मुलगा एकाच संघात. दहाव्या वर्षी हा दहा महिन्यांचा फरक उंचीत, ताकदीत, स्केटिंगच्या जोरात डोळ्यांना दिसतो, आणि वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं निवडीत जास्त दिसतात, हे कॅनडापासून युरोपपर्यंत अभ्यासकांनी दाखवून दिलंय. तुमचा मुलगा हा तोटा पोटात घेऊन पहिल्या फळीत टिकला. आता पुन्हा तो संघातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी एक आहे. तुम्ही डॉक्टर आहात, सोळाव्या वर्षी हाडं आणि स्नायू कुठल्या टप्प्यावर असतात ते मी तुम्हाला काय सांगणार?

मात्वेई मिचकोवचा जन्म ९ डिसेंबर २००४ चा. इवान देमिदोवचा १० डिसेंबर २००५ चा. अलीकडच्या काळातल्या रशियाच्या या दोन गुणी मुलांनी वर्षाच्या शेवटच्या महिन्यात जन्म घेऊन वाट काढली. नोव्हेंबरचा प्रत्येक मुलगा त्यांच्यासारखा होईल असं मी म्हणत नाही. पण एक नियम तुमच्या बाजूनं आहे. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च लीग; तिच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे दरवर्षी संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीसाठी, त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण व्हावे लागतात. त्यानंतर जन्मलेल्यांचा पहिला ड्राफ्ट पुढच्या वर्षी येतो. मिचकोव डिसेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांचा झाला आणि २०२३ च्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला. त्याच्याच जन्मसालातल्या उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलांची पाळी एक वर्ष आधी येऊन गेली होती. तुमच्या मुलाकडेही ते जादा वर्ष आहे. घड्याळ तुम्हाला वाटतंय तितकं पुढे गेलेलं नाही.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं: खाली गेलेल्याला परत कुणी बोलावत नाही. हे मी तपासून बघायला सांगेन, कारण या बाबतीत उलटी उदाहरणं ठळक आहेत. याच मिचकोवला २०२२-२३ च्या मोसमात सेंट पीटर्सबर्गच्या एसकेए या बलाढ्य क्लबात जागा मिळत नव्हती. आधी तो खालच्या व्हीएचएल लीगमध्ये खेळला, मग डिसेंबरात क्लबनं त्याला सोचीच्या संघाकडे पाठवलं. सोची तेव्हा गुणतक्त्यात तळाशी होता. तिथे त्यानं २७ सामन्यांत २० गुण (गोल आणि असिस्ट मिळून) मिळवले, आणि जूनमध्ये एनएचएलच्या फिलाडेल्फिया संघानं त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. एसकेएच्या बाकावर बसून त्याला हे दाखवताच आलं नसतं. देमिदोव २०२३-२४ मध्ये मोठ्यांच्या संघात बोटांवर मोजण्याइतके सामने खेळला. बाकीचा मोसम तो तुमच्या मुलाच्याच एमएचएलमध्ये, एसकेए-१९४६ या युवा संघाकडून खेळला: ३० सामने, ६० गुण. पुढच्या ड्राफ्टमध्ये माँट्रियलनं त्याला पाचव्या क्रमांकावर उचललं. त्याच्या पुढच्या मोसमात केएचएल या मोठ्यांच्या सर्वोच्च रशियन लीगमध्ये सुरुवातीला त्याचीही मिनिटं मोजकीच असायची, तरी मोसमाअखेर ४९ गुण झाले.

आणि किरिल काप्रिझोव. सायबेरियातल्या नोवोकुझनेत्स्कचा. तिथला मेतालुर्ग हा गरीब क्लब, सतत हरणारा. पण गरीब क्लबात सतरा-अठराच्या पोराला मोठ्यांबरोबर उतरवायला कोच कचरत नाहीत, कारण दुसरं कुणी नसतं. २०१५ मध्ये मिनेसोटानं त्याला पाचव्या फेरीत, १३५ व्या क्रमांकावर घेतलं. तो घाईनं गेला नाही. रशियातच खेळत राहिला, २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये अंतिम सामन्यात जादा वेळेत सुवर्णपदकाचा गोल त्यानंच केला, २०२० मध्ये अमेरिकेला गेला आणि २०२१ मध्ये तिथला सर्वोत्तम नवोदित ठरला. आर्तेमी पानारिनला तर ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. तोच किताब त्याला २०१६ मध्ये, चोविसाव्या वर्षी मिळाला.

ही सगळी पोहोचलेल्यांची नावं आहेत, हे मला कळतं. न पोहोचलेल्यांची नावं कुणी लिहून ठेवत नाही. त्यामुळे यातून 'तुमचाही पोहोचेल' असं मी काढत नाही. एवढंच काढते की या वयात मुलगा घडतो तो बर्फावरच्या मिनिटांत, आणि ती मिनिटं नेहमी मोठ्या नावाच्या संघातच मिळतात असं नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. पंधरा वर्षांचा एक उंच, हुशार मुलगा माझ्याकडे होता. त्याला राज्याच्या संघात राखीव जागा मिळाली, आणि मी त्याला तिथेच ठेवलं. घरच्यांनाही अभिमान, मलाही. दोन मोसम त्यानं पाणी दिलं, चेंडू गोळा केले, टाळ्या वाजवल्या. त्याच काळात तालुक्याच्या संघातून तो रोज पाच सेट खेळला असता. दुसऱ्या मोसमानंतर त्यानं बूट आणून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "मॅडम, मला आता हात उचलायलाच भीती वाटते." तो मुलगा खेळात परत आला नाही. म्हणून तुमच्या पत्रातलं ते शून्य मला इतकं लागलं.

तरीही यजमानांचं म्हणणं मी सरळ मोडीत काढणार नाही. काही क्लबांत 'खाली जाऊन खेळ' याचा अर्थ खरोखरच 'आम्ही तुला विसरलो' असा असतो. फरक कसा ओळखायचा? कोचला भेटा, पण तक्रार घेऊन नको, आणि तुम्ही तर नकोच. मुलानं स्वतः जावं, फार तर वडील सोबत. त्यानं विचारावं: खाली मी कुठल्या फळीत, कुठल्या जागी खेळणार? संघाला एक खेळाडू जास्त मिळतो तेव्हा मी बर्फावर असेन का? तिकडे माझा खेळ कोण बघणार? आणि परत यायला माझ्यात नेमकं काय बदललेलं तुम्हाला दिसायला हवं? ज्या कोचच्या मनात हे पक्कं असतं तो चार वाक्यांत सांगतो: पहिल्या तीन पावलांचा वेग, पाठीवर माणूस असताना पक सांभाळणं, असं काहीतरी हातात धरता येईल असं. "मेहनत कर, बघू" एवढंच उत्तर आलं तर यजमानांची शंका रास्त समजा. मग याच मोसमात नाही, पण मोसम संपल्यावर जवळपासच्या दुसऱ्या, लहान क्लबचा विचार करायला हरकत नाही. चेल्याबिन्स्क, माग्नितोगोर्स्क, येकातेरिनबर्ग, ऊफा, सगळीकडे एमएचएलचे संघ आहेत. तुम्ही या खेळाच्या ऐन गाभ्यात राहता, ही तुमची मोठी सोय आहे.

तुमच्या पत्रावरून मला आज जे दिसतं त्यात, उत्तरं ठीक आली तर मी त्याला उरलेल्या मोसमासाठी खाली खेळू देईन.

एजंटाबद्दल मात्र मी सौम्य बोलणार नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या आईकडे आधी रक्कम मागणारा माणूस मुलाचा खेळ संघांना विकत नाहीये, तुम्हाला स्वप्न विकतोय. कॅनडाच्या मोठ्या ज्युनिअर लीगमध्ये परदेशी मुलांना संघ स्वतः ड्राफ्टमधून निवडतात. मुलं तिथल्या यजमान कुटुंबात राहतात आणि संघात खेळायचे पैसे भरावे लागत नाहीत. पैसे भरून खेळायच्या लीगही तिकडे पुष्कळ आहेत. त्यात जागा मिळाली म्हणजे निवड झाली असं नाही. निकिता कुचेरोव एकोणिसाव्या वर्षी क्वेबेकला गेला आणि फळला. आंद्रेई स्वेचनिकोव सोळाव्या वर्षीच आधी अमेरिकेला, मग कॅनडाला गेला आणि २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. नाईल याकुपोवही सोळाव्या वर्षीच कॅनडाला गेला, २०१२ मध्ये थेट पहिला क्रमांक, पण एनएचएलमध्ये त्याचं बस्तान बसलं नाही आणि २०१८ मध्ये तो रशियात परतला. म्हणजे वाट तीच असून तिघांची तीन तऱ्हा. त्यात २०२२ मध्ये रशियाचे संघ जागतिक स्पर्धांबाहेर काढले गेले. कॅनडाच्या त्या ड्राफ्टनंही त्या वर्षी रशियन मुलांना दार लावलं होतं. घरापासून हजारो किलोमीटरवर मूल असताना असं एखादं दार लागलं तर काय, हा विचार आत्ताच करून ठेवा. जायचंच झालं तर बोलावणं संघाकडून यावं, कागद वकिलानं वाचावेत, आणि तोवर कशावरही सही नको.

आणि पुणे. तुम्ही पत्रात एक ओळ लिहून खोडलीत, पण ती वाचता येते. ती मी इथे छापत नाही. फक्त एवढं म्हणते की पुण्याचा विचार चौथ्या फळीमुळे आलेला नाही, त्या ओळीमुळे आलाय. कुठल्याही आईच्या मनात तो आला असता. पण मग त्याचं उत्तर हॉकीत शोधू नका. तिथला कायदा तुम्हाला माहीत आहे: अठरा ते तीस हे सक्तीच्या लष्करी भरतीचं वय, आणि पूर्णवेळ शिक्षण चालू असताना ती पुढे ढकलता येते. म्हणूनच मला सामन्यातल्या मिनिटांपेक्षा त्याच्या शाळेची जास्त काळजी वाटते. अकरावी आणि तिची सरकारी परीक्षा नीट पार पडणं, पुढे विद्यापीठात प्रवेश मिळणं, हे हॉकी चालू असो वा नसो, ठरलेलंच असायला हवं. बसमधून दूरचे सामने खेळून आलेल्या मुलाचा अभ्यास बुडतोच. त्यासाठी आत्ताच एक शिक्षक बघा. भारतात यायचंच असेल तर तो निर्णय शांतपणे, वेगळा घ्या, त्याला सोबत घेऊन घ्या. देवनागरी अडखळत वाचणाऱ्या मुलाला बारावीच्या वर्षी पुण्यात आणायचं, आणि जिथे त्याच्या मापाचं बर्फाचं मैदानही नाही अशा ठिकाणी, तर त्याला ती शिक्षाच वाटेल. एकच गोल केला म्हणून शिक्षा.

यजमानांशी भांडू नका. सतराव्या वर्षी ज्याचा खेळ गुडघ्यानं हिरावला, त्याला 'जागा सोडू नकोस' याशिवाय दुसरं काय सुचणार? सामन्यानंतर गाडीत ते गप्प असतात आणि तुम्ही प्रश्न विचारता, असं तुम्ही लिहिलंय. मुलाला दोन्हीचा अर्थ एकच लागत असणार. घरी पोहोचेपर्यंत हॉकीचा विषय काढायचा नाही, एवढं दोघांनी ठरवून टाका. खायचं बोला. पत्रात तुम्ही म्हणता की बाल्कनीत वाळत टाकलेले ग्लोव्ह्ज उचलताना त्याच्या उजव्या ग्लोव्हचा तळवा फाटलेला दिसला आणि तो त्यानं तुम्हाला न सांगता स्वतःच, पांढऱ्या दोऱ्यानं, वेडावाकडा शिवला होता. तुम्हाला त्यात दुरावा दिसला. मला मात्र असा मुलगा दिसला की जो पाच मिनिटांच्या खेळासाठी रात्री बसून ग्लोव्ह शिवतो. खेळ नकोसा झालेलं पोर असं करत नाही. 'नॉर्माल्ना' या शब्दाआड काय आहे ते मला माहीत नाही, पण तो दोरा मी विसरणार नाही.

पुढचे तीन सामने वही घरी ठेवा. काचेमागची ती खुर्चीही बदला. त्याला माहीत असतं तुम्ही कुठे बसता आणि हातात काय आहे.

१ ते ८ जानेवारी तिथे सगळ्यांना सुट्टी असते. त्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी, बाबा घरात नसताना, त्याच्याशी मराठीत बोला. रशियन ही त्याची बाबांची आणि कोचची भाषा आहे. तुमच्याशी तो लहानपणापासून ज्या भाषेत रडला-हसला ती मराठी. पुणे, अमेरिका, खालचा संघ, काहीच सुचवू नका. एवढंच विचारा की या मोसमातली कुठली पाळी त्याला आठवते, चांगली किंवा वाईट. मग चहा ओता आणि थांबा, कितीही वेळ लागू दे. तो काय म्हणाला ते मला नक्की कळवा.